पोटापुरता तास

"या माणसाला उपाशी मरायची लई हौस दिसतीय," असं बाई माझ्याबद्दल हेडमास्तरांना म्हणाल्या, तेव्हा मला त्या शाळेत रुजू होऊन महिनाही झाला नव्हता. मी शेजारीच उभा होतो. माझ्यादेखत माझ्याविषयी असं बोलावं, याचा मला राग यायला हवा होता. पण रागवायलासुद्धा पोटात काहीतरी लागतं, आणि तेच नव्हतं.

बाई पहिली-दुसरीला शिकवायच्या. गाव येरमाळ्यापासून तासाभराच्या पायवाटेवर. मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. शाळेच्या दारावरची उर्दू पाटी पुसून वर मराठी नाव रंगवलं होतं, तरी उन्हात खालची अक्षरं दिसायची. बाईंच्या बोलण्याचंही तसंच. त्यांचं शिक्षण निजामाच्या काळातलं, उर्दूतून झालेलं. धड्याला त्या अजून सबक म्हणायच्या आणि फार संतापल्या की उर्दूत आकडे मोजायच्या. उंच, हाडापेरानं थोराड, मोकळं कपाळ, काठ विटलेलं नऊवारी लुगडं आणि खांद्याला शिंप्याकडून शिवून घेतलेली जाड पिशवी. खडूच्या डब्यात खडू आणि हिरव्या मिरच्या एकत्र असत. एकदा बोलण्याच्या नादात त्यांनी मिरचीनंच फळ्यावर 'क' काढला. पोरं हसली. बाईंनी मिरचीकडं पाहिलं, "उमटत न्हाय म्हणजे वाळलीय," म्हणाल्या आणि ती बाहेर फेकून दिली.

त्यांच्या वर्गात हजेरीला 'हजर' म्हणायची पद्धत नव्हती. पोरानं हात पुढं करायचा. बाई वाकून बोटं हुंगायच्या. "लसणाची चटणी. बस." "ताक-भाकरी. बस." "आंबलेलं कालवण. आईला सांग, असलं घालू नको. बस." एखाद्याच्या हाताला कशाचाच वास आला नाही, तर त्या काही बोलत नसत. त्याला उजव्या भिंतीशी उभं करायच्या आणि सगळ्यांची बोटं झाली की पिशवीतून शेंगदाणे आणि गुळाचा खडा त्याच्या ओंजळीत टाकायच्या. त्या भिंतीशी रोज कुणी ना कुणी असेच. गावातल्या कितीतरी आया उजाडायच्या आत खुरपायला नाही तर रस्त्यावर खडी फोडायला जात. चुलीपाशी पीठ, गूळ, कांदा सगळं असायचं. फक्त ते करून घालणारं माणूस नसायचं.

एके दिवशी बाईंनी माझाही हात धरला. मी दचकलो. त्यांनी बोटं हुंगली.

"खडू," त्या म्हणाल्या. "काल पण खडूच होता."

त्याचं असं झालं होतं. मी तुळजापूरचा. वडील तहसिलीत कारकून, मला तीन थोरल्या बहिणी, आणि मी घरातलं एकुलतं एक रत्न. पाण्याचा तांब्यासुद्धा मला कुणीतरी भरून द्यायचं आणि मी प्यायल्यावर कुणीतरी उचलायचं. मॅट्रिकला गणितात मी शाळेत पहिला आलो होतो. त्यामुळं जगात मला अडेल असं काही नाही, अशी माझी समजूत होती. नोकरीवर निघताना ट्रंकेत कपडे थोडे आणि लाडू-चिवडा जास्त भरला होता. तो संपला. मग मी खिचडी करायला घेतली. तांदूळ धुवायचे असतात हे मी ऐकून होतो. कशानं, ते नव्हतो. एक क्षण साबणाकडं माझी नजर गेलीही होती. पण प्रकरण तिथवर पोचलंच नाही, कारण त्याआधीच स्टोव्हचा असा भडका उडाला की घरमालक धोतर सावरत धावत आला.

"गुरुजी," तो स्टोव्ह उचलत म्हणाला, "पोट तुमचं हाय, पण छप्पर माझं हाय."

तेव्हापासून मी येरमाळ्याच्या बाजारातून आणलेल्या केळ्यांवर होतो. आणि बाजार आठवड्यातून एकदाच भरायचा.

"शनिवारी शाळा सुटल्यावर माझ्या तासाला बसा," बाई म्हणाल्या.

"कुठल्या वर्गात?"

"पहिलीत. तुम्हाला कुठं काय येतंय?"

हा तास शाळेच्या वेळापत्रकात नव्हता. पोरं त्याला 'पोटापुरता तास' म्हणायची, कारण पहिल्या दिवशी बाईंनी तसंच सांगितलेलं असायचं: "इथं कुणी आचारी व्हायचं न्हाय. आपल्या पोटापुरतं आलं की बास." शनिवारी अर्ध्या दिवसानं शाळा सुटली की पहिली ते चौथीची पोरं, मुलगे-मुली सगळे, मागच्या पडवीत जमायचे. पहिलीला विस्तव नाही आणि धारही नाही, फक्त हात. दुसरीला विळी आणि खलबत्ता. तिसरी-चौथीला चूल. नियम कडक होते. मी सातवीला गणित शिकवणारा माणूस. तो पहिलीच्या रांगेत, गुडघे हनुवटीला लागलेले, असा जाऊन बसलो. शेजारी गोदी होती. गावाबाहेरच्या वस्तीतली, समोरचे दोन दात पडलेली. तिची आई खडी फोडायला जायची.

पहिला सबक शेंगदाण्याच्या लाडवाचा. भाजलेले दाणे तळव्यात चोळायचे, फुंकर मारून सालं उडवायची, गुळगुळीत दगडानं रगडायचे आणि तेल सुटायला लागलं की तेवढाच गूळ घालून मूठ आवळायची. एवढंच. मी जोरात फुंकर मारली आणि सगळी सालं गोदीच्या केसांत गेली.

"गुरुजी, तकडं फुका," ती शांतपणे म्हणाली.

मग मूठ. माझा लाडू मूठ उघडली की उकले. पुन्हा आवळला, पुन्हा भुगा. रांगेतल्या सगळ्या पोरांचे लाडू पाटीवर ओळीनं बसले आणि माझ्या हातात वाळू धरल्यासारखं सगळं बोटांतून गळत होतं.

"तुमच्या मुठीत जीव न्हाय," गोदीनं निदान केलं आणि आपला लाडू उचलून माझ्या हातावर ठेवला.

आता इथं खरं सांगितलं पाहिजे. आमचं घर सोवळ्याओवळ्याचं. गावाबाहेरच्या वस्तीतल्या पोरीच्या हातचं मी तोवर कधी खाल्लं नव्हतं, आणि खाईन असं माझ्या आईच्या स्वप्नातही आलं नसतं. मी समतेवर निबंध लिहून बक्षीस मिळवलं होतं, ते वेगळं. लाडू हातात घेऊन मी थोडा वेळ विचारमग्न बसलो. बाई लांबून बघत होत्या. शेवटी तत्त्वाचा विजय झाला असं मी पुढं बरीच वर्षं लोकांना सांगत असे. पण विजय भुकेचा झाला. लाडू खाऊन झाल्यावर मी पाटीवरच्या दुसऱ्याकडं बघायला लागलो होतो.

पहिलीत माझे बरेच महिने गेले. बाकीची पोरं काला शिकली, सातूचं पीठ गुळाच्या पाण्यात गुठळी न होता कालवायला शिकली. काल्याला शिळी भाकरी लागते. पोरं शिळ्या भाकरीला नाक मुरडायची, तेव्हा बाई म्हणायच्या, "तिला हसू नका. ती तुमच्यासाठी रात्रभर थांबलीय." मग ती कुस्करायची, वर ताक, मीठ, ठेचलेला लसूण, आणि हातानंच एकजीव करायचं. मला काला जमला. काल्यात बिघडण्यासारखं काही नसतं हे बाईंनी मला लगेच सांगितलं, म्हणजे मी फार फुगू नये. संक्रांतीच्या सुमारास त्यांनी मला तासाच्या दुसरीत घातलं. गोदी माझ्या आधीच गेली होती.

बाईंच्या मनगटावर घड्याळ होतं, पण ते चालत नसे. चुलीवरचा वेळ त्या पाढ्यांनी मोजत. कांदा परतायला बाराचा. चुरमुरे भिजायला दोनाचा, लगेच पिळून काढायचे, नाहीतर लगदा. पिठलं शिजायला एकोणतीसचा, सावकाश, दोनदा. "पाढा चुकला की पिठलं लागलं," असा हिशेब. त्यामुळं आमच्या शाळेतली पोरं पाढ्यांना पक्की होती आणि कुठलाही मोठा पाढा ऐकला की त्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं. इयत्तेनं दुसरीत असूनही बाईंनी एकदा मला चुलीपुढं बसवलं. हेतू असा की गणिताच्या मास्तरांचा पाढा पोरांनी ऐकावा. मी ऐटीत सुरुवात केली. समोर सगळी शाळा. एकोणतीस पंचे झालं, आणि एकोणतीस सक म्हणून मी थांबलो. पुढचं येईना. मी मनात गुणाकार मांडला, हातचा घेतला, हातचा विसरलो.

"गुरुजी, वास येतोय," गोदी म्हणाली. तिला वीसच्या पुढं मोजता येत नव्हतं.

पिठलं तळाला धरलं होतं. बाईंनी कढई उतरवली, वरचं वरचं सगळ्यांना वाढलं आणि खालची खरवड मला. "ज्यानं लावली त्यानं खायची," म्हणाल्या. ती खरवड मात्र उत्तम लागत होती. त्यानंतर मी अधूनमधून मुद्दाम चुकत असे असा पोरांना संशय होता.

बाईंनी हे सगळं कशासाठी आरंभलं, ते मी एकदाच विचारलं. आम्ही पडवीत शेंगदाण्यातले खडे निवडत होतो. त्यांनी मान वर केली नाही.

"रझाकारांची धामधूम चालली होती तवाची गोष्ट," त्या म्हणाल्या. "मी मोठ्या घरची सून. घरात सैपाकीण होती. मला चहासुद्धा येत नव्हता, तुमच्यासारखंच. घरातले पुरुष बार्शीकडं निघून गेले. मी आणि भावबंदांची पोरं, आमी रानातल्या गवताच्या कोपीत लपलो. धूर दिसंल म्हणून चूल पेटवायची न्हाय, असं गड्यानं बजावून सांगितलेलं. तो गेला तो परत आलाच न्हाय. पोरं रडायला लागली. कोपीत काय नव्हतं? शेंगा होत्या. गूळ होता. सातूचं पीठ होतं. चुलीवाचून खाता येईल असं समदं होतं, गुरुजी. पण त्याचं जेवण होतंय, हेच मला ठाऊक नव्हतं. मी आपलं ज्वारीचं कच्चं पीठ पाण्यात कालवलं आणि खीर म्हणून पोरांना पाजलं."

त्यांनी एक खडा निवडून लांब फेकला.

"रात्रभर पोरं पोट धरून लोळत होती. वरडू नये म्हणून मी त्यांच्या तोंडावर हात धरून बसले. वाचली समदी. त्यातलं एक पोर आता पोलिसात हाय. मला बघितलं की अजून हसतंय, काकू, खीर करा म्हणून."

त्या हसल्या नाहीत. मी घाईघाईनं खूप खडे निवडले. त्यातले निम्मे शेंगदाणे होते असं नंतर निघालं.

गावचे पाटील शाळा समितीचे मुख्य होते. त्यांचा बाळू चौथीत. एका सोमवारी पाटील शाळेत आले आणि हेडमास्तरांच्या खुर्चीत बसले. हेडमास्तर उभे राहिले. ते सज्जन होते, पण मोठ्या माणसापुढं डोक्यावरची टोपी काढून हातात चुरगाळायची त्यांना सवय होती.

"बाई," पाटील म्हणाले, "माझ्या पोराला भाकरी थापाया लावली म्हणं तुम्ही."

"व्हय," बाई म्हणाल्या. "अजून गोल येत न्हाय त्याची."

"पाटलाच्या पोरानं बायकांची कामं करायची?"

टोपीचा चुरगळा वाढला. कुणीतरी बाईंच्या बाजूनं बोलायला हवं होतं. पाटील येणार अशी कुणकुण लागली होती, म्हणून मी आदल्या दिवशीच स्वावलंबनावर एक भाषण मनात जुळवून ठेवलं होतं. मी पुढं झालो. पाटलांच्या मिशांकडं पाहिलं आणि भाषणाची सुरुवात, मध्य आणि शेवट तिन्ही एकदम नाहीसे झाले.

"पाटीलसाहेब, माझंच उदाहरण घ्या," मी म्हणालो. "मी एकटा राहतो. पूर्वी फार हाल व्हायचे. पण बाईंच्या कृपेनं आता रोज सकाळी माझ्या खोलीवर सुशीला असते."

हेडमास्तरांच्या हातातून टोपी पडली.

"कोण सुशीला?" पाटलांनी विचारलं.

"चुरमुऱ्याची," मी म्हणालो. "कांदा घालून."

आमच्या भागातल्या पोरासोरांनाही सुशीला म्हणजे भिजवलेले चुरमुरे फोडणीला टाकून करतात ते, हे ठाऊक असतं. पाटलांनाही ते होतं. पण मी ते ज्या गंभीर आवाजात सांगितलं, त्यानं घोटाळा केला. बाईंनी तोंडाला पदर लावला. पाटील क्षणभर हसण्याच्या बेतात आले होते, पण मग त्यांना आपण कशासाठी आलो ते आठवलं. एवढाच माझा बाईंना उपयोग झाला.

बाईंनी पदर खाली घेतला. "पाटील, एक इचारू? पोरानं भाकरी थापली याचा राग हाय, का त्यानं गोदीच्या हातचा लाडू खाल्ला याचा?"

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला.

"म्हंजे मला कळंल, काय बंद करायचं ते," बाई म्हणाल्या. "भाकरीचा राग असंल तर बाळूला भाकरी थापाया लावत न्हाय. दुसरा असंल, तर तुमी सवता तोंडानं सांगा. पडवीत या, पोरांच्या म्होरं सांगा."

पाटील उठून निघून गेले. ते सांगायला पडवीत आले नाहीत. ते धाराशिवला, जिल्ह्याच्या साहेबांकडं गेले.

पंधरवड्यात एक साहेब शाळा तपासायला आले. नेमका शनिवार. मी दुसरीच्या रांगेत बसून खलबत्त्यात लसूण ठेचत होतो आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. साहेब पडवीच्या दारात थांबले. "हे कोण?" त्यांनी माझ्याकडं बोट करून विचारलं.

"दुसरीतले हायेत," बाईंच्या आधी गोदी म्हणाली. "पण हुशार न्हायत."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी सुशीला चाखली, दुसऱ्यांदाही घेतली, रुमालानं हात पुसले आणि यापुढं शाळेत चूल पेटता कामा नये असं सांगून निघून गेले. बाईंनी वाद घातला नाही. पुढच्या शनिवारी तास त्यांच्या घरच्या अंगणात भरला. निम्मी पोरं आली नाहीत; त्यांना घरून बंदी झाली होती. त्यामुळं चुलीपुढं जागा झाली आणि मीही भाकरी थापायला लागलो. बाळू कुंपणापलीकडं उभा राहून बघायचा. बाई त्याला आत बोलवायच्या नाहीत आणि जा असंही म्हणायच्या नाहीत. फक्त जे करायचं ते मोठ्यानं सांगून करायच्या, त्याला ऐकू जाईल असं.

उन्हाळ्याच्या तोंडाला त्यांची बदली झाली. नळदुर्गच्याही पुढं, अणदूरकडं. निरोपाला येरमाळ्याच्या थांब्यावर मी आणि काही पोरं गेलो. बस यायच्या बेतात असताना बाळू पळत आला. हातात फडक्यात गुंडाळलेली भाकरी होती. एका कडेला करपलेली, दुसऱ्या कडेला कच्ची, आणि आकार सांगण्यापलीकडचा.

"कुणी केली?" बाईंनी विचारलं.

"म्या."

"घरात?"

"आईनं चुलीपुढनं उठून जागा दिली," बाळू म्हणाला. "बाबाला ठाऊक न्हाय."

बाईंनी ती भाकरी तिथंच, उभ्यानं मोडली. एक तुकडा स्वतः घेतला, एक गोदीला दिला, एक बाळूला. मलाही कच्च्या बाजूचा आला. बस आली, आणि बाई पिशवी सावरत चढून गेल्या.

दिवाळीला मी तुळजापूरला गेलो. घरी माझी कीर्ती पोचली नव्हती, ती पोचवावी म्हणून पहिल्याच संध्याकाळी मी आईला आणि बहिणींना चुलीपासून हटवलं आणि पिठलं-भाकरी केली. भाकरी जवळजवळ गोल झाली. पिठलं लागलं नाही. बहिणी ताटात बघत होत्या, माझ्याकडं बघत होत्या आणि एकमेकींकडंही. आई पहिला घास घेऊन थांबली आणि पदरानं डोळे टिपायला लागली. मला वाटलं, झालं, आनंदाश्रू.

"किती हाल झाले रे तिथं तुझे," आई म्हणाली.

त्याच रात्री माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली. मी सगळं समजावून सांगायचा प्रयत्न केला: बाई, तास, पहिली, दुसरी. आई ऐकत होती. जेवून झाल्यावर ताट बाजूला सारून तिनं विचारलं, "आणि तिला कोण करून घालतं रे?"

"कुणाला?"

"तुझ्या त्या बाईला. एकटी असते म्हणतोस ना?"

वर्षभर मी त्यांच्या पडवीत बसून खाल्लं होतं. सगळ्यांच्या हाताचा वास घेणाऱ्या त्या बाईचा हात हुंगायचं मला कधी सुचलं नव्हतं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी नळदुर्गची गाडी धरली आणि पुढं विचारत विचारत त्यांचं घर शोधून काढलं. आईनं निघताना डबा देऊ केला होता. मी घेतला नाही. पिशवीत पीठ, बेसन, कांदे, मिरच्या घेतल्या होत्या. बाई अंगणात तांदूळ निवडत बसल्या होत्या. तेवढ्या महिन्यांत बऱ्याच वाळल्या होत्या.

"गुरुजी? सुट्टीत कशाला आलाव इतक्या लांब?"

"तुम्हाला जेवायला घालायला," मी म्हणालो.

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं आता काहीतरी टाकून बोलतील. पण त्या उठल्या, आत गेल्या आणि चूल कुठं आहे ते हातानं दाखवून भिंतीला टेकून बसल्या. मी सगळं केलं. त्या मधे बोलल्या नाहीत, कसं करायचं ते सांगितलं नाही. भाकरी फुगली तेव्हा मी वळून पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

मी पाट मांडला. त्या बसल्या, मी वाढलं. त्यांनी सावकाश जेवण केलं आणि पिठलं दोनदा मागून घेतलं. शेवटी भाकरीचा तुकडा ताटावरून फिरवून ताट अगदी साफ केलं आणि म्हणाल्या, "चांगलं झालंय. बसा आता तुमी."

मी माझं ताट वाढून घेतलं आणि पहिला घास तोंडात घातला. पिठल्यात मीठच नव्हतं.